अ‍ॅम्लोडिपिन घेताना पायांवर सूज आली तर: बीपीच्या गोळीचे दुष्परिणाम कसे ओळखावेत आणि पुढे काय करावे

इंदूरमधील मराठी घरांत, मग ते रामबागेतील जुने वाडे असोत की सुदामानगरातील नवी घरे, साठीच्या पुढचे माणूस असेल तर औषधांच्या डब्यात अ‍ॅम्लोडिपिन बहुधा असतेच, कधी एकट्या गोळीच्या रूपात, कधी दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. रक्तदाब कमी करणे आणि हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे होणारे छातीचे दुखणे आटोक्यात ठेवणे ही त्याची दोन मुख्य कामे होत. अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात मध्य प्रदेश पहिल्या पाच राज्यांपैकी एक होता, आणि त्या उपक्रमाच्या उपचारपद्धतीत अनेक ठिकाणी सुरुवातच अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून होते. औषध स्वस्त, परिणामकारक आणि दीर्घकाळ वापरात असलेले आहे; तरीही त्याच्या दुष्परिणामांबाबत घरोघरी दोन चुकीच्या गोष्टी घडतात. काही जण पाय सुजल्याबरोबर गोळी परस्पर बंद करतात, तर काहींना त्या सुजेसाठी दुसरी गोळी सुरू होते आणि पहिल्या गोळीचा विचार कोणीच करत नाही. या लेखाचा भर त्या दुसऱ्या प्रकारावर अधिक आहे, कारण तो चटकन लक्षात येत नाही.

पहिली पायरी: स्ट्रिपवर नेमके काय लिहिले आहे ते वाचणे

दुष्परिणामाचा विचार करण्यापूर्वी आपण कोणते औषध घेत आहोत याची खात्री करावी लागते. आपल्याकडे मोठ्या अक्षरांत कंपनीने गोळीला दिलेले नाव असते आणि घटक खाली बारीक अक्षरांत असतात. ती बारीक अक्षरे दिसत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहावा, किंवा घरातील तरुण मंडळींकडून घटकांची नावे व मिलिग्रॅम मराठीत एका कागदावर लिहून घ्यावेत. गोळीच्या या नावापुढे जोडलेली अक्षरे महत्त्वाची असतात. टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या औषधाच्या गोळीपुढे ‘एएम’ असेल तर त्यात बहुधा अ‍ॅम्लोडिपिन असते, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचे औषध असते. अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीपुढे ‘एटी’ असेल तर नाडी मंद करणारे अ‍ॅटेनोलॉल असते. तरीही अक्षरांवर विसंबून न राहता घटकांची ओळ वाचावी, कारण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते.

हे वाचणे का आवश्यक आहे, ते पुढील फरकावरून कळेल. नाडी फार मंद होणे, हातपाय गार पडणे आणि जिना चढताना दम टिकत नाही असे वाटणे, या तक्रारी अ‍ॅटेनोलॉलच्या असण्याची शक्यता जास्त. सतत कोरडा खोकला येत असेल तर रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्या औषधांच्या गटाकडे पाहावे. लघवीला वारंवार जावे लागणे, रक्तातील सोडियम कमी होणे, युरिक अ‍ॅसिड वाढणे या गोष्टी लघवीच्या औषधाशी निगडित असतात. या सर्वांचा दोष अ‍ॅम्लोडिपिनवर टाकला, तर बदल भलत्याच गोळीत होतो.

येथेच आणखी एक खबरदारी सांगायला हवी. बाजारात एस-अ‍ॅम्लोडिपिन नावाचा प्रकारही मिळतो आणि त्याचे २.५ मिलिग्रॅम हे साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमइतके काम करतात. दवा बाजारातून किंवा जनऔषधी केंद्रातून स्वस्त पर्याय घेणे योग्यच आहे, परंतु ‘एस’ हे अक्षर निसटले आणि आकडा तेवढा जुळवला, तर रुग्णाला नकळत निम्मे औषध मिळते किंवा उलट दिशेने दुप्पट मिळते. स्ट्रिप बदलल्यानंतर आठवड्याभरात रक्तदाब वाढला किंवा सूज सुरू झाली, तर सर्वांत आधी जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून पाहावी. म्हणून शेवटची रिकामी स्ट्रिप नवी येईपर्यंत टाकून देऊ नये.

दुसरी पायरी: औषध शरीरात कसे आणि किती वेळ काम करते ते समजून घेणे

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू आकसण्यासाठी त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरावे लागते. अ‍ॅम्लोडिपिन हा मार्ग काही अंशी अडवते, स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंद होते आणि दाब उतरतो. दुधातील किंवा हाडांतील कॅल्शियमशी याचा संबंध नाही, म्हणून कॅल्शियमची गोळी घेणाऱ्या आजींनी ती या कारणासाठी बंद करण्याची गरज नसते.

एक गोळी घेतल्यावर रक्तातील तिचे प्रमाण ६ ते १२ तासांनी सर्वाधिक होते आणि ते निम्मे होण्यास साधारण ३० ते ५० तास लागतात; रोज घेत राहिल्यास प्रमाण स्थिर व्हायला ७ ते ८ दिवस लागतात. वृद्धांच्या आणि यकृताचा विकार असलेल्यांच्या शरीरातून औषध आणखी हळू बाहेर पडते, त्यामुळे त्यांच्यासाठी अनेकदा २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली जाते. या आकड्यांतून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्तदाब उतरला नाही म्हणून ती निकामी ठरवू नये. एखाद्या दिवशी विसरली आणि १२ तासांच्या आत आठवले तर घ्यावी, त्यापेक्षा उशीर झाला असेल तर ती सोडून नेहमीच्या वेळी पुढची एकच घ्यावी; दोन एकदम कधीही घेऊ नयेत. आणि गोळी बंद केली तरी दुष्परिणाम लगेच दुसऱ्या दिवशी जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

सकाळी घ्यावी की रात्री, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात रक्तदाबाची औषधे सकाळी किंवा रात्री घेतल्याने हृदयविकार व पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही, ती योग्य.

तिसरी पायरी: पायांची सूज नीट तपासणे

या औषधाचा सर्वांत ठळक दुष्परिणाम म्हणजे घोट्याभोवती येणारी सूज. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातील आकडे बोलके आहेत: चाचण्यांमध्ये २.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १.८ टक्के, ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३ टक्के आणि १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १०.८ टक्के लोकांना सूज आली, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते १४.६ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.६ टक्के आढळले. म्हणजे ५ चे १० मिलिग्रॅम झाले की सुजेची शक्यता तिपटीहून अधिक वाढते, आणि स्त्रियांनी या बदलानंतर अधिक लक्ष ठेवायला हवे.

ही सूज का येते हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. अ‍ॅम्लोडिपिन रक्त आत आणणाऱ्या लहान धमन्या रुंद करते, पण रक्त परत नेणाऱ्या लहान शिरा त्या प्रमाणात रुंद होत नाहीत. शेताला येणारा पाट मोठा केला आणि निचऱ्याची चारी तेवढीच ठेवली, तर पाणी बांधावरून झिरपते. केशवाहिन्यांतील द्रवही तसाच आसपासच्या ऊतींत झिरपतो आणि गुरुत्वाकर्षणाने घोट्याशी साचतो. शरीरात पाणी वाढलेले नसते, ते फक्त चुकीच्या जागी गेलेले असते. म्हणूनच लघवीचे औषध या सुजेवर फारसे चालत नाही.

तपासणी घरी करता येते. संध्याकाळी नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडे वर, अंगठ्याने सुमारे पाच सेकंद दाबून ठेवावे आणि खड्डा पडतो का ते पाहावे. दोन्ही पायांवर, एकाच जागी, शिंप्याच्या टेपने घेर मोजावा, सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा. औषधामुळे आलेली सूज बहुधा दोन्ही पायांवर असते, मऊ असते, दुखत नाही, संध्याकाळी वाढते आणि रात्रभर झोपल्यावर उतरते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा, किंवा पुण्याच्या बसमध्ये रात्रभर पाय लोंबते ठेवून बसल्यावर, किंवा अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या पाहण्यासाठी तासन्‌तास उभे राहिल्यावर ती जास्त दिसते. प्रवासात अधूनमधून उठून चालावे, पावले वरखाली हलवावीत, आणि घरी परतल्यावर पाय उशीवर उंच ठेवून पडावे.

पुढील लक्षणे असतील तर मात्र सूज औषधाची आहे असे गृहीत धरू नये. एकाच पायावर सूज, त्यात दुखणे, गरमपणा किंवा लाली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आडवे पडल्यावर दम लागतो, रात्री श्वासासाठी उठून बसावे लागते, किंवा वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर हृदयाची तपासणी हवी. सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांखाली फुगीरपणा दिसतो आणि लघवीला फेस येतो, तर मूत्रपिंडाकडे पाहावे. काही जण म्हणतात, गेली दोन वर्षे हीच गोळी चालू आहे, मग सूज आताच का? सूज उशिरा येऊ शकते हे खरे, परंतु अशा वेळी मधल्या काळात मात्रा वाढली का, ऋतू बदलला का, नवे औषध सुरू झाले का, हे शोधावे. काहीच बदलले नसेल तर दुसऱ्या आजाराची शंका अधिक गांभीर्याने घ्यावी.

सुजेसाठी दुसरी गोळी सुरू झाली तर काय होते, तेही येथेच सांगितले पाहिजे. समजा, सूज पाहून लघवीची गोळी दिली गेली. सूज थोडीच उतरते, पण रात्री दोन-तीनदा उठावे लागते, सोडियम कमी होऊन तोल जाऊ लागतो, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा ठणकू लागतो. त्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा एसेक्लोफिनॅक सारखी वेदनाशामक गोळी सुरू होते. त्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि शरीरात पाणी धरून ठेवतात. मग रक्तदाब वाढला म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ चे १० होते आणि सूज दुप्पट जोमाने परत येते. प्रत्येक पायरीवर हेतू चांगलाच असतो, पण प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे असू शकतात आणि पूर्ण यादी कोणासमोरच नसते. नवे औषध सुरू करताना “ही तक्रार आधीच्या एखाद्या गोळीमुळे असू शकेल का?” हा एक प्रश्न आदराने पण स्पष्टपणे विचारावा. लघवीचे औषध रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेले असेल, तर गोष्ट वेगळी आहे आणि ते स्वतःहून थांबवू नये.

चौथी पायरी: इतर तक्रारी पारखणे

चेहरा गरम होऊन लाल होणे, छातीत धडधडणे आणि चक्कर येणे या तक्रारी रक्तवाहिन्या रुंद झाल्यामुळे येतात. माहितीपत्रकानुसार १० मिलिग्रॅमवर धडधड ४.५ टक्के, तर चेहऱ्याची लाली २.६ टक्के लोकांना जाणवली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्या अनेकदा ओसरतात. डोकेदुखीबाबत मात्र लोकांचा समज तपासून पाहण्यासारखा आहे: चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ७.३ टक्के आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ७.८ टक्के लोकांनी डोकेदुखी सांगितली, म्हणजे औषधाचा वाटा जवळजवळ दिसतच नाही. थकवा ४.५ टक्के विरुद्ध २.८ टक्के आणि मळमळ २.९ विरुद्ध १.९ टक्के, येथे थोडा वाटा आहे.

चक्कर येत असेल तर ती उठताना येते का ते पाहावे. पाच मिनिटे बसून किंवा पडून रक्तदाब मोजावा, नंतर उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाने पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. हे मोजताना जवळ कोणीतरी असावे. पहाटे स्नानगृहात पडून खुब्याचे हाड मोडणे हा वृद्धांसाठी फार मोठा आघात असतो, आणि तो टाळण्यासाठी पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मग उठण्याची सवय लावून घ्यावी.

हिरड्या जाड होऊन दातांवर चढणे हा दुर्मीळ, पण ओळखता येणारा परिणाम आहे. हिरडीतून रक्त येऊ लागले किंवा तिचा आकार बदलला, तर दंतवैद्याला आपण अ‍ॅम्लोडिपिन घेतो हे आवर्जून सांगावे, कारण केवळ दात साफ करून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. छातीत जळजळ वाढणे हीदेखील काहींची तक्रार असते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडल्याने असे होऊ शकते. अशा वेळी सराफा बाजारातील रात्री उशिराचे खाणे आणि लगेच आडवे होणे हे आधी बदलून पाहावे.

पाचवी पायरी: वही ठेवणे

एक साधी वही घ्यावी. सलग सात दिवस सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसल्यावर एका मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजावा. चहा आणि तंबाखू यांच्यानंतर अर्धा तास मोजू नये. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे, परंतु प्रत्येकाचे लक्ष्य डॉक्टर ठरवतात. त्याच पानावर नाडी, वजन, दोन्ही घोट्यांचा घेर, तक्रार कोणत्या तारखेला सुरू झाली आणि त्या सुमारास कोणते औषध सुरू झाले, बदलले किंवा थांबले, हे लिहावे. तक्रार आणि औषध यांच्या तारखा शेजारी आल्या की निम्मा उलगडा तेथेच होतो.

सहावी पायरी: बरोबरीची औषधे आणि मीठ

पावसाळ्यात गजकर्णासाठी इट्राकोनाझोल दिले जाते, छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिले जाते. ही दोन्ही औषधे यकृतातील अ‍ॅम्लोडिपिनचा निचरा मंद करतात, त्यामुळे सूज किंवा चक्कर वाढू शकते. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन उलट परिणाम करते आणि रक्तदाब वाढू शकतो. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलबरोबर रक्तदाब आणखी उतरतो. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळी घेण्याची सवय या रुग्णांनी सोडावी. ताप किंवा साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे.

मीठ कमी करण्याने अ‍ॅम्लोडिपिनची सूज नाहीशी होत नाही, पण रक्तदाब उतरतो आणि त्यामुळे कमी मात्रेत भागण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. पोह्यांवरची, डाळभातावरची आणि जाता-येता तोंडात टाकली जाणारी शेव, शिवाय लोणचे आणि पापड, हे सारे मोजणीत धरावे. उपासाचे सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम असते, आणि गोळीत टेल्मिसार्टनसारखे औषध असेल किंवा मूत्रपिंड दुर्बल असेल, तर ते विचारल्याशिवाय वापरू नये.

सातवी पायरी: ज्यांत वाट पाहू नये अशी लक्षणे

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास घेताना त्रास होणे, शुद्ध हरपणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे आणि ते न थांबणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही घडले तर वही उघडत बसू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब जावे. क्वचित एखाद्याला गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर छातीचे दुखणे वाढते, तेही तातडीचेच समजावे. नातवंडांच्या हाती गोळ्या लागल्या आणि एखादी गिळल्याची नुसती शंका जरी असली, तरी मूल ठीक दिसते म्हणून वाट पाहू नये, कारण या औषधाचा परिणाम उशिरा आणि दीर्घकाळ होतो. रिकामी स्ट्रिप बरोबर न्यावी.

आठवी पायरी: डॉक्टरांशी बोलणे आणि त्यानंतरचे आठवडे

तपासणीच्या दिवशी वही, सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णे यांसह सारे एका पिशवीत घालून न्यावे. गोळी परस्पर बंद केलेली असेल तर तसे सांगावे. अ‍ॅम्लोडिपिन थांबवल्यावर रक्तदाब काही दिवसांत हळूहळू चढतो, पण जोडगोळीत, म्हणजे दोन औषधांच्या एकाच गोळीत, अ‍ॅटेनोलॉल असेल आणि ती एकाएकी थांबवली, तर हृदयरुग्णाला छातीचे दुखणे किंवा झटका येण्याचा धोका असतो. म्हणून जोडगोळीबाबत अधिक सावध राहावे.

डॉक्टरांसमोर पर्याय असतात आणि ते माहीत असले की बोलणे सोपे जाते. मात्रा १० वरून ५ किंवा २.५ मिलिग्रॅमवर आणता येते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातील औषध जोडता येते. ही औषधे परतीच्या शिराही रुंद करतात, त्यामुळे सूज कमी होते आणि रक्तदाबही आटोक्यात राहतो. मात्र ती सुरू केल्यावर मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची तपासणी करावी लागते, तसेच जुलाब-उलट्या होत असताना ती काही दिवस थांबवावी का, हे आधीच विचारून ठेवावे. अ‍ॅम्लोडिपिनच्याच जातीचे सिल्निडिपिन हे औषधही भारतात बरेच वापरले जाते आणि त्याने सूज कमी येते. सूज थोडीच असेल, त्रास नसेल आणि रक्तदाब उत्तम असेल, तर काहीही न बदलणे हाही एक योग्य निर्णय असू शकतो.

बदल केल्यानंतर घोट्याचा घेर मोजणे चालू ठेवावे. औषध शरीरातून बाहेर पडायला साधारण ६ ते १० दिवस लागत असल्याने सूज उतरायला एक ते दोन आठवडे द्यावेत, आणि याच काळात रक्तदाब पुन्हा चढत नाही ना, याकडे तितकेच लक्ष असावे. गोळी पूर्ण थांबवून तीन आठवड्यांनंतरही टेपवरील आकडा तेथेच असेल, तर अ‍ॅम्लोडिपिन हे कारण बहुधा नव्हते असे मानून लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, रक्तातील अल्ब्युमिन, यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या व गरज भासल्यास हृदयाचा इको, यांविषयी डॉक्टरांना विचारावे.